स्थितिक घर्षण

स्थितिक घर्षण : एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांमध्ये घसरण सुरू होऊ न देणारे बल. डहाणूजवळ नरपडच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळूत टेकलेली होडी पाहिली की ते समजते. होडी हलत नाही, म्हणजे तिच्यावर बले लागत नाहीत असे नव्हे. लागणाऱ्या बलांची बेरीज शून्य असते, इतकेच.

समजा, होडीचे वस्तुमान 1,000 किलोग्रॅम आहे. पृथ्वी तिला सुमारे 9,800 न्यूटन बलाने खाली ओढते आणि सपाट वाळू तेवढ्याच बलाने वर रेटते. या दोन बलांना न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी समजण्याची चूक विद्यार्थी हमखास करतात. दोन्ही बले होडीवरच लागतात. तिसऱ्या नियमातली बले मात्र दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात.

आता चौघांनी होडीला खांदा लावून 1,200 न्यूटनचा जोर केला आणि होडी ढिम्म राहिली, तर त्या क्षणी घर्षणही नेमके 1,200 न्यूटन असते. खांदा काढला की ते शून्य. घर्षणांक गुणिले लंब प्रतिक्रिया हे पाठ केलेले सूत्र फक्त त्याची कमाल मर्यादा सांगते. घर्षणांक 0.5 धरला तर ती 4,900 न्यूटन येते. किनाऱ्याला 2 अंशांचा उतार असला, तर होडीला जागेवर धरायला जेमतेम 340 न्यूटन घर्षण पुरते.

प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो. तळ वाळूत रुतलेला असतो, तेव्हा पुढची वाळूही रेटावी लागते.

भरतीची वाट पाहण्यामागेही हेच गणित आहे. पाण्याने 6,000 न्यूटन भार उचलला, की वाळूवर 3,800 उरतात आणि घर्षणाची मर्यादा 1,900 वर येते. कोरड्यात होडी ओढताना तळाखाली ओंडके घातले, तर घसरण्याऐवजी गडगडणे होते आणि विरोध बराच कमी होतो.

घर्षण लंब बलाच्या प्रमाणात असते, हे फ्रान्सच्या आमाँताँ यांनी 1699 मध्ये मांडले. पुढे कूलंब यांनी रोशफोर्च्या जहाजगोदीत प्रयोग केले. त्यावरील प्रबंधाला 1781 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. लाकूड लाकडावर जास्त वेळ टेकून राहिले, तर ते सुटायला जास्त बल लागते, असे त्यांना आढळले. ही वाढ सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावते.