वेताळाचा व्हॅम्पायर कोणी केला?

२०२५च्या दिवाळीत 'थामा' आला अन् अमरावती-अकोल्याच्या पोरांच्या तोंडी पुन्हा वेताळ आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार म्हणजे आपला मराठी माणूस; 'झोंबिवली', 'मुंज्या' त्याचेच. त्यात हिरो चक्क पत्रकार! पाहणं भागच होतं. मजा आली, हे आधीच सांगून टाकतो. पण एक गोष्ट खटकली, आणि ती सांगायला थोडं मागे जावं लागेल.

पडद्यावरचा बेताल सुळे दाखवतो, रक्ताच्या मागे असतो. आपल्या 'वेताळपंचविशी'तला वेताळ मात्र प्रश्न विचारतो. स्मशानातल्या झाडावर लटकतो, प्रेतात शिरतो, एवढंच काय ते साम्य. राजाच्या खांद्यावर बसून तो गोष्ट सांगतो आणि विचारतो, सांग, न्याय कोणाच्या बाजूने? अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने या गोष्टी 'कथासरित्सागरा'त घेतल्या. तिचं मूळ गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'त, आणि परंपरा गुणाढ्याला पैठणच्या सातवाहन दरबारात बसवते. म्हणजे वेताळ तसा आपल्या शेजारचाच. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी तो १८३० मध्ये छापील पुस्तकात आणला.

मग घोळ कुठं झाला? १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने यातल्या अकरा गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला 'व्हॅम्पायर' करून टाकलं. स्टोकरचा 'ड्रॅक्युला' यायला अजून २७ वर्षं होती! ते लेबल दीडशे वर्षांनी आपल्याच थिएटरात परत आलं.

कथा बदलू नये असं माझं म्हणणं नाही. 'ड्रॅक्युला'चंही तेच झालं. १९२२चा 'नोस्फेराटू' परवानगीशिवाय, नावं बदलून काढला. स्टोकरच्या बायकोने कोर्टात खेचलं, प्रिंट नष्ट करायचा आदेश झाला, तरी तो टिकला. त्यातला व्हॅम्पायर उंदीर आणि प्लेग घेऊन येतो. १९९२ मध्ये कोपोलाने त्याला विरही प्रियकर केलं. नंतर एगर्सच्या 'नोस्फेराटू'ने पुन्हा किळसवाणा केला. आपल्या नारायण धारपांनी तर स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' लिहिली, आणि रात्री दिवा बंद करायची हिंमत होत नसे. पण धारपांनी उसनं भूत आणलं, घरच्या वेताळाला कामाला लावलं नाही.

खटकतं ते वेगळंच. 'थामा'त रक्तपिपासू बेताल जंगलात टोळी करून राहतात. मुंबईत ती नुसती कल्पना असेल. आपल्या जिल्ह्यात जंगल म्हटलं की मेळघाट, आणि तिथे माणसं राहतात. २०२४च्या डिसेंबरअखेरीस चिखलदरा तालुक्यातल्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या बाईला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून तिची धिंड काढली. जानेवारीत ती बातमी छापून आली, आणि त्याच महिन्यात 'नोस्फेराटू' भारतात लागला. एका बाजूला भीतीचं तिकीट, दुसऱ्या बाजूला भीतीचा बळी.

हे फक्त आपल्याकडेच नाही. अठराव्या शतकात सर्बियाकडच्या गावांत साथ आली की मेलेल्यांवर संशय घेऊन कबरी उकरत. १७५५ मध्ये महाराणी मारिया थेरेसाने आपला डॉक्टर व्हान स्विटेन याचं मत मागवलं. तो म्हणाला, हे सगळं अज्ञान आहे. राणीने कबरी उकरण्यावर बंदी घातली. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ उजाडलं, आणि त्याआधी डॉ. दाभोलकरांचा जीव गेला. गाडगेबाबांनी तर याच मातीत खराटा घेऊन आयुष्यभर हेच सांगितलं होतं.

आता वेताळपंचविशीचा शेवट आठवा. राजाला स्मशानात धाडणारा साधूच बळी घ्यायला टपलेला असतो. वेताळच राजाला सावध करतो: तो म्हणेल साष्टांग नमस्कार घाल, तर म्हण, आधी तुम्ही घालून दाखवा. साधू वाकतो, अन् डाव उलटतो. म्हणजे मूळ गोष्टीत रक्ताला चटावलेला भोंदू बाबा आहे, भूत नव्हे!

बाप्पा, एवढा तयार मसाला हाती असताना सुळे काहून उसने आणायचे? पोरांना सिनेमा जरूर दाखवा. फक्त घरी आल्यावर हा शेवटही सांगा. बाबा-बुवांच्या या दिवसांत प्रश्न विचारणारा वेताळच जास्त कामाचा आहे.