मुरबाडचे नाना आणि दानाची वाट

आमच्या दैवज्ञ ज्ञातीतील घराण्यांच्या दानधर्माचा विषय निघाला म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे उर्फ नाना यांचे नाव प्रथम घेतले जाते, व ते योग्यच आहे. परंतु ते नाव घेताना आपल्या डोळ्यांपुढे गिरगाव उभे राहते, बोरीबंदर उभे राहते. ज्या गावी या पुरुषाचा जन्म झाला ते ठाणे जिल्ह्यातील मुरबाड क्वचितच आठवते. नानांच्या औदार्याने मुंबईस किती दिले याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मुरबाड आणि त्याच्या शेजारचा शहापूर तालुका यांच्या पदरात त्यातून काय पडले, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

दानाची गोष्ट या मुलुखाला नवी नाही. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची पायवाट फुटते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला चढे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि हजारो कार्षापण यांची त्यात मोजदाद आहे. त्याच घाटात दुसरा एक लहानसा लेख आहे : सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याचे टाके दान दिले. राणीचे हत्ती कोठे गेले ते कोणास ठाऊक; व्यापाऱ्याने ज्याच्यासाठी दान केले तो मात्र वाटेने जाणारा तहानलेला कोणीही होता. आमच्या मते दानाचे हे दोन प्रकार तेव्हापासून आजतागायत चालत आले आहेत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. मुरकुटे घराणे तोपर्यंत मुंबईच्या व्यापारात प्रतिष्ठा पावलेले होते. १८२२ साली वडील शंकरशेट वारले, तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या वयात एवढी संपत्ती हाती आलेल्या तरुणाचे काय होते, याची उदाहरणे प्रत्येक ज्ञातीत सापडतील. नावे घेण्याचे कारण नाही. देवालये आणि धर्मशाळा हा घराण्याचा जुना दानमार्ग नानांनी सोडला नाही. भवानीशंकराचे देऊळ आजही नाना चौकाजवळ उभे आहे. परंतु त्याच सुमारास मुंबईत शाळा काढण्यासाठी व शालोपयोगी पुस्तके तयार करण्यासाठी जी मंडळी स्थापन झाली, तिच्या कार्यात ते शिरले आणि पुढे आयुष्यभर विद्येच्या कामातून बाहेर पडले नाहीत. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. मुलींनी शिकणे हेच पाप, असे मानणारे लोक तेव्हा घरोघर होते. अशा काळी पैसे देणे सोपे; स्वतःच्या घराचा दरवाजा उघडणे अवघड.

मुरबाड-शहापूरच्या दृष्टीने मात्र नानांचे सर्वांत मोठे देणे पैशाचे नव्हतेच. १८४० साली सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापिले. त्यावर जे तीन एतद्देशीय सभासद होते त्यांत नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहीम मुकबा यांचा समावेश होता. पुढे सर अर्स्किन पेरी हे अध्यक्ष झाले. थोड्या उच्चवर्गीयांस इंग्रजीतून उत्तम शिकवावे, म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, असा त्यांचा आग्रह होता. नानांचे इंग्रजीशी वैर नव्हते. एल्फिन्स्टन साहेबांच्या स्मारकनिधीतून जे इंग्रजी शिक्षण उभे राहिले, त्याच्या आधारस्तंभांत तेच होते. तरीही बहुजनसमाजापर्यंत ज्ञान न्यावयाचे तर ते त्याच्या भाषेतूनच जाईल, हे मत त्यांनी सरन्यायाधीशाच्या पदावर चढलेल्या अध्यक्षापुढे लेखी मांडले. कर्नल जर्विस हा इंग्रज अधिकारीही याच पक्षाचा होता. मराठी शाळांचा मार्ग त्या वेळी बंद झाला नाही, याचे श्रेय या विरोधाला दिले पाहिजे. पुढे टोकावड्याच्या किंवा खर्डीच्या पोराने पाटीवर गिरवलेले अक्षर मराठी होते, यात या वादाचा वाटा आहे. मुरबाडमध्ये जन्मलेल्या माणसाने हा पक्ष घ्यावा, याचे आम्हांस विशेष वाटते. त्याचे कारण जन्मभूमीत शोधण्याचा मोह मात्र आम्ही आवरतो.

शहापूरकडे नानांचे कर्तृत्व लोखंडाच्या वाटेने आले. १८४५ साली मुंबईत रेल्वेसाठी जी खटपट सुरू झाली तीत सर जमशेटजी जीजीभाई व नाना हे पुढारी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी ठाण्यास पोहोचली, १८५४ मध्ये कल्याणास, १८५५ मध्ये वासिंदला, १८६१ मध्ये कसाऱ्याला. थळ घाट चढून ती इगतपुरीला गेली १८६५ च्या आरंभी. त्याच वर्षी ३१ जुलैला नाना निवर्तले. घाटातील बोगदे खणताना शेकडो अनाम मजुरांनी प्राण वेचले, त्यांच्या नावाने कोठे चौक नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे. आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके झाली आणि शहापूरच्या माणसाला मुंबई एका दिवसाच्या आत आली. १८९२ साली तानसेचे धरण पुरे झाले, तेव्हा शहापूरचे पाणीही मुंबईस गेले. पुढे वैतरणा आणि भातसा यांचेही गेले. तालुक्यातील पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नाणेघाटातल्या गोविंददासाचे टाके अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही.

नानांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती शालान्त परीक्षेत संस्कृतात सर्वप्रथम येणाऱ्यास मिळते. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली. रायगडाकडच्या गावातला हा मुलगा पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर व देशाचा अर्थमंत्री झाला. तो आमच्या ज्ञातीचा नव्हता, आणि शिष्यवृत्तीने त्याची ज्ञात विचारली नाही. आपल्या घरोघरच्या निधींच्या अटींत पहिलीच अट कोणती असते, ते सभासदांनी आपापल्या कपाटातील कागद काढून पाहावे. ज्ञातीने ज्ञातीस मदत करू नये असे आमचे म्हणणे नाही. तसे असते तर हा अंक निघालाच नसता. परंतु मुरबाडच्या वसतिगृहात राहून शिकणारा ठाकर अथवा कातकरी मुलगा आपल्या एकाही निधीस पात्र ठरू नये, हे नानांच्या वारशाशी कसे जुळते, याचा खुलासा आम्हांस अद्याप मिळालेला नाही.

२०२४ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मुंबई सेंट्रल स्थानकास नानांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. ठराव योग्य आहे. मुरबाडचा प्रवासी मात्र कल्याणला गाडीतून उतरतो आणि पुढे एस. टी.च्या रांगेत उभा राहतो.