मांडव्याची औषधपेटी

पनवेल ज्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील मांडवा परिसरात १९७०च्या दशकात डॉ. नोशीर अंतिया यांनी एक धाडस केले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील या नामवंत प्लास्टिक सर्जनने औषधपेटी सोपवली ती गावच्याच, बहुधा अल्पशिक्षित स्त्रियांच्या हाती. क्षयरोग-कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे, गरोदर स्त्रियांची विचारपूस, किरकोळ उपचार हे त्या करू लागल्या. डॉक्टरांकडे उरले शिकवणे आणि अवघड रुग्ण. प्रयोग वैद्यकीय कारणाने थांबला नाही. या स्त्रियांचे गावातील वजन स्थानिक पुढाऱ्यांना खुपले, आणि काम गुंडाळावे लागले. पुढे अंतियांच्या संस्थेने पुणे जिल्ह्यात परिंचे येथे ते नव्याने उभारले. तेथे या आरोग्यसेविकांना ‘ताई’ म्हणत.