बिशप जॉर्डनस
१४. जॉर्डनस : डॉमिनिकन पंथाचे युरोपीय धर्मोपदेशक. चार फ्रान्सिस्कन साधूंसह १३२१ च्या सुमारास ते ठाण्यास उतरले. जॉर्डनस भडोचकडे गेले असता एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात त्या चौघांचा वध झाला, तेव्हा शहर दिल्लीच्या सुलतानाच्या अमलाखाली होते. जॉर्डनस यांनी त्यांचे मृतदेह सोपाऱ्यास नेऊन दफन केले. पुढे १३२९ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी जॉर्डनस यांना कोल्लमचे पहिले बिशप नेमले. भारतावरील त्यांच्या लॅटिन ग्रंथात आंब्याचे आणि पाच जणांना पुरेल एवढ्या फणसाचे वर्णन आहे.