संखिया, सोमल आणि एक जीवघेणा आजार

उर्दूत ज्याला आपण संखिया म्हणतो, तोच मराठीतला सोमल. युनानी ग्रंथांत त्याला सम्म-उल-फार म्हणतात, म्हणजे सरळ उंदराचे विष. हेच विष आज रक्ताच्या एका कॅन्सरवरचे मान्य औषध आहे. ही गोष्ट कळली की आपल्यातले काही जण छाती फुगवून म्हणतात, हकीमसाहेबांना हे सगळे आधीच ठाऊक होते. दुसरे काही जुन्या नुस्ख्यांना थोतांड म्हणून मोकळे होतात. खरी हकीकत दोघांचीही अडचण करणारी आहे.

आजाराचे नाव अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. 1957 साली नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी त्याचे वेगळे वर्णन केले. यात रक्त नीट गोठत नाही, मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होतो आणि उपचार नसतील तर काही आठवड्यांतच माणूस जातो.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधल्या हार्बिन शहरातल्या डॉक्टरांच्या कानावर आले की, खेड्यातला एक वैदू कॅन्सरवर औषध देतो. त्यात तीन जिन्नस होते: सोमल, पाऱ्याचा एक क्षार आणि बेडकाच्या जातीतल्या प्राण्याचे विष. झांग टिंगडोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नुस्खा डोळे झाकून उचलला नाही आणि फेकूनही दिला नाही. त्यांनी एकेक जिन्नस वेगळा करून पाहिला. पारा आणि प्राणिजन्य विष यांनी अपायच होत होता; गुण सोमलाचा होता. मग उरलेले दोन्ही काढून टाकले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे काम हे काढून टाकण्याचे आहे.

इथे इब्न सीना आठवतात. 'अल-कानून'च्या दुसऱ्या खंडात त्यांनी औषध पारखण्याचे नियम दिले आहेत. परिणाम नेहमी किंवा बहुतेक वेळा दिसला पाहिजे, नाहीतर तो योगायोग समजावा. आणि परीक्षा माणसाच्या शरीरावरच व्हावी, सिंहावर किंवा घोड्यावर होऊन भागत नाही. हकिमांचा वारसा सांगायचाच तर हा सांगावा.

शांघायमध्ये वांग झेन्यी वेगळ्या वाटेने चालले होते. 1988 मध्ये त्यांच्या गटाने 24 रुग्णांचा अहवाल दिला. अ जीवनसत्त्वापासून बनलेल्या 'अट्रा' या गोळीने आजार मागे हटत होता. पण नुसत्या गोळीवर तो काही महिन्यांत परत येई. मग दोन्ही औषधे एकत्र का देऊ नयेत? शांघायच्याच डॉक्टरांनी 61 रुग्णांचे तीन गट पाडले: नुसती गोळी, नुसता सोमल आणि दोन्ही. 2004 च्या अहवालात एकेकटे औषध घेतलेल्या 37 पैकी 7 जणांचा आजार उलटला होता. दोन्ही घेतलेल्या 20 पैकी एकाचाही नाही.

इटलीचे फ्रान्चेस्को लो-कोको यांनी त्यापुढचे धाडस केले: केमोथेरपीच वगळली. पांढऱ्या पेशी 10,000 पेक्षा जास्त नसलेल्या रुग्णांवर इटली आणि जर्मनीत चाचणी झाली. 2013 मध्ये निकाल आला. दोन वर्षांनंतर आजार न उलटता जगणारे, गोळी आणि सोमल घेतलेल्या गटात 97 टक्के. गोळी आणि केमो घेतलेल्यांत 86 टक्के. जंतुसंसर्ग कमी झाला. मात्र यकृतावर आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागले, शेवटी ते विषच.

आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने 1998 ते 2004 या काळात 72 नव्या रुग्णांना नुसता सोमल दिला, कारण गोळी आणि केमोचा खर्च अनेकांना झेपणारा नव्हता. तीन वर्षांनंतर सुमारे 86 टक्के हयात होते. हे सलाईनमधून, रोज मोजून, ईसीजी काढत दिलेले औषध होते. पुडीत बांधून घरी नेलेले नव्हे.

2013 मध्येच चीनमधून आणखी एक निकाल आला. मनशीळ हेही सोमलाच्याच कुळातले खनिज. मनशीळ आणि नीळ असलेली तोंडाने घ्यायची गोळी 'अट्रा'सोबत दिली, तर ती सोमलाच्या सलाईनपेक्षा उणी पडत नाही, असे त्या चाचणीत दिसले.