धाप कोठून येते? दिल्लीतील एक शोधकथा

उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, हृदयाला जागा देणाऱ्या डाव्याचे दोन. एवढे शवविच्छेदनातून दिसते. धापेचे मूळ मात्र जिवंत चेतातंतूंतच शोधावे लागले. अवतार सिंग पेंटल यांनी १९५०च्या दशकात मांजरांच्या व्हेगस चेतेतील एकेका तंतूचे विद्युत्संदेश टिपले आणि फुप्फुसांतील नवे संवेदनाग्राही ओळखले. ते वायुकोशांच्या केशवाहिन्यांलगत असतात. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक असताना, १९६९ मध्ये, त्यांनी या ‘जे’ ग्राहींची कार्यपद्धती उलगडली: केशवाहिन्यांभोवतीच्या ऊतीत द्रव वाढला की ते उद्दीपित होतात आणि श्वास जलद, उथळ होतो. अतिश्रमात हेच ग्राही स्नायूंना आवरतात, असे पेंटल यांनी प्रतिपादिले. त्या दृष्टीने धाप हा दुबळेपणा नव्हे. फुप्फुसांनी वेळेवर दिलेला इशारा आहे.