पायरी चढली, दार उघडेना

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण पायरी चढूनही दारच उघडले नाही तर? हवामानबदलाबद्दल राज्यकर्त्यांवर फिर्याद करणाऱ्या युरोपातील लोकांना हाच अनुभव आला. आणि गंमत पाहा, या बंद दाराचा इतिहास सुरू होतो संत्र्यांपासून!

प्लाउमान नावाची एक जर्मन पेढी क्लेमेंटाइन जातीची संत्री परदेशातून आणीत असे. या फळांवरील जकात कमी करण्याची परवानगी युरोपीय आयोगाने जर्मन सरकारला नाकारली, तेव्हा पेढी लक्झेंबर्गच्या न्यायालयात गेली. १९६३ साली न्यायालयाने सांगितले, की हा धंदा कोणीही करू शकतो. या निर्णयाने इतरांहून वेगळे असे तुमचे काय बिघडले? म्हणून तो रद्द करण्याची मागणी विचारातच घेतली गेली नाही.

जकातीच्या तंट्यात हा नियम समजण्याजोगा होता. प्रत्येक कायद्याविरुद्ध जो तो कोर्टात जाऊ लागला, तर कारभार चालायचा कसा? पण २०१८ साली पोर्तुगाल, फ्रान्स, केनिया, फिजी अशा देशांतील दहा कुटुंबे त्याच न्यायालयापुढे आली. युरोपीय संघाने २०३० पर्यंत वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत निदान ४० टक्के घटवण्याचे ठरवले होते. ते पुरेसे नाही, अशी त्यांची तक्रार होती. २०१९ मध्ये आणि अपिलात २०२१ मध्ये उत्तर मिळाले ते संत्र्यांच्या नियमाचेच. कपात पुरेशी की अपुरी, या मूळ प्रश्नाला हातच लागला नाही.

म्हणजे एकाचे नुकसान झाले तर दार उघडते, आणि साऱ्यांचेच झाले तर ते बंद! सर्वांचे ते कोणाचेच नाही, असा हा न्याय.

स्वित्झर्लंडमधील वृद्ध स्त्रियांच्या संघटनेलाही २०२० पर्यंत देशातील कोर्टांनी असेच परतवले. त्या स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. हे न्यायालय निराळे. ९ एप्रिल २०२४ रोजी त्याने चार स्त्रियांच्या वैयक्तिक तक्रारी दारातच थांबवल्या. संघटनेला मात्र आत घेतले. स्वित्झर्लंडने हवामानाबाबतचे कर्तव्य तर चुकवलेच, शिवाय संघटनेचा कोर्टात दाद मागण्याचा हक्कही डावलला, असा निकाल झाला.

दार उघडले ते असे, निम्मेच. खटला हरण्याचे दुःख माणूस सोसतो. पण आपले म्हणणे कोणी ऐकलेच नाही, हे त्याच्या मनाला लागून राहते. आणि दार उघडण्याची वाट पाहत हवा थांबत नाही.